झऱ्यात उतरलेला रंग

"अहो, आमच्या झऱ्यात काय ओतताय?"

वाकलेला तरुण दचकला. समोर बालवाडीच्या बाई, मागे बाटल्या घेतलेली पोरं.

"ओतत नाही, भरतोय. ओततो मी तुमच्या संडासांत!"

पोरं खिदळली. बाईंनाही हसू आवरेना.

तो पाणीखात्याचा तपासनीस. कॉलनीत दोन कुंपणांच्या सांदीतून हा झरा पाझरायचा. कुणाच्या तरी मैल्याच्या टाकीला तडा गेलाय आणि घाण झऱ्यात उतरतेय, अशी तक्रार होती. तक्रार बाईंच्याच बाबांची, संशय शेजारच्या काकांवर. दोघांचं जुनं वाकडं, म्हणून कुणी ते मनावर घेतलं नव्हतं. लेकीनेही नाही.

तो रोज एका घरी निरुपद्रवी रंग ओतायचा आणि मग झऱ्याचं पाणी निळ्या दिव्याखाली धरायचा. नुसत्या डोळ्यांना काही दिसत नसे; पण हिरवं चमकलं, की समजावं, तडा त्याच घरात.

"म्हणजे रंगारीच की!"

"चालेल... रोज हाक मारणार असाल तर."

ती मारू लागली. हळूहळू 'तुम्ही'चं 'तू' झालं. ओल्या दगडावर दोघं टेकायची... बोलणं संपायचं, पण उठायचं कुणालाच सुचायचं नाही.

एका दुपारी तो म्हणाला, "काम आटोपलं परवाच. सगळं ठीक. रविवारी येतो तुझ्या घरी – बाबांकडे तुला मागायला."

तिचे कान तापले. काहीतरी करायचं म्हणून तिने ओंजळ भरून ओठांशी नेली. त्याने झटकन मनगट धरलं.

"तू नको पिऊस."

"का रे?"

"उगाच... घसा धरेल."

"पोरं तर आत्ताच पिऊन गेली."

तो दुसरीकडे बघू लागला. तिच्या बोटांतून पाणी गळून गेलं.

"कुणाचं घर?"

तो बाटलीचं झाकण पिळत राहिला.

"रंगारी, कुणाचं?"

"तुमचं," तो पुटपुटला. "तक्रार बाबांची आणि तडा त्यांच्याच टाकीला! सगळ्या कॉलनीत हसं झालं असतं. हे सांगून तुला कसं मागू?"

"चिडले असते बाबा. महिनाभर तुला दारात उभं केलं नसतं. मी समजावलं असतं त्यांना."

"तुझ्यासाठीच गप्प बसलो गं!"

"हो ना. मला एकटीला थांबवलंस." तिने मनगट सोडवून घेतलं. "माझी पोरं पीत राहिली, ते बघत बसलास. उद्या आपलं मूल असेल, शेजारी दुसऱ्याचं असेल... तू फक्त आपल्याच मुलाच्या कानात सांगशील."

तो उठला. "आत्ता जातो, घरोघरी सांगतो. तुझ्या बाबांपासून सुरुवात करतो. मग तरी... रविवारी येऊ?"

'ये' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. तिने तो गिळला.

"सांगा सगळ्यांना," ती म्हणाली. "पण रविवारी येऊ नका."