नकाशातली हरवलेली सहा पावलं

“गांधीलमाशी नंबर तीन, तोफा तयार! डागू?”

“आधी फासा टाक,” फूटपट्टी म्हणाली.

“दर वेळी फासा! शत्रू काय फासा पडेपर्यंत चहा पीत बसतो?”

बोलणारा तिचा मावसभाऊ. घरीदारी त्याला तोफखाना म्हणत, कारण एकतर त्याला हळू बोलता येत नसे, आणि दुसरं म्हणजे कुठल्याही अडचणीवर त्याच्याकडे एकच उपाय असे: डागा! त्याच्या आईचा छापखाना होता. सुट्टीत फूटपट्टी (खिशात सदा पोलादी मोजपट्टी, म्हणून हे नाव) आणि तिचा आठ वर्षांचा भाऊ पावशेर मावशीकडे आले, की तिघांचा मुक्काम छापखान्यामागच्या कागदाच्या गोदामात. माणसाच्या दुप्पट उंचीच्या कागदाच्या थप्प्या, मधून अरुंद वाटा. लपायला आणि अंतराळात हरवायला याहून चांगली जागा कुठली?

खेळ फूटपट्टीने रचला होता. ती सूत्रधार. ती प्रसंग सांगायची, बाकीचे आपण काय करणार ते सांगायचे आणि जमलं की फसलं ते फासा ठरवायचा. मधोमध ‘कोळीष्टक’ नावाचं अंतराळस्थानक. त्याच्याभोवती गांधीलमाशी जातीचे तीन लढाऊ उपग्रह, म्हणजे वाळलेल्या शाईचे तीन जडशीळ डबे. प्रत्येकाचं एक कार्ड: चिलखत किती, इंधन किती, तोफा किती. आणि खेळाचा नियम पहिला: आधी काय दिसतं ते सांगायचं, मग काय करणार ते.

“मी स्थानकाच्या मागून हल्ला करतो,” तोफखान्याने नकाशा ओढला, बोटाने आकडे जुळवले आणि एकदम खिदळला. “अगं ए सूत्रधार! तुझं स्थानक बाहेरून बावन्न पावलं आणि आतून सेहेचाळीस? सहा पावलं काय उंदरांनी खाल्ली?”

फूटपट्टीचे कान तापले. मनाने काढलेला नकाशा तिला पटत नसे. भिंत कुठे आहे हेच ठाऊक नसेल, तर माणूस लपणार कुठे? म्हणून तिने कोळीष्टक हे गोदाम मोजूनच काढलं होतं. बाहेरून गल्लीतून बावन्न, आतून सेहेचाळीस. तीनदा मोजलं, तीनदा तेच.

“बाहेर उन्हात पाय भाजले असतील, पावलं आखूड पडली असतील,” तोफखाना म्हणाला.

“माझी पावलं आखूड पडत नाहीत!”

“आणि ते मागच्या गल्लीतलं लोखंडी दार?” पावशेरने विचारलं. “ज्याला बाहेरून कडीच नाही ते?”

“ते शेजारच्यांचं असेल,” ती तुटकपणे म्हणाली. पण तिचं तिलाच ते पटलं नाही.

पावशेर आता वर बघत होता. “ताई, त्या झरोक्याला चिकटपट्टी कोणी लावली? बाहेरून. काल नव्हती.”

खरंच! उंचावरच्या एकुलत्या एका झरोक्यावर तपकिरी पट्ट्या आडव्या-उभ्या चिकटवल्या होत्या. तिघं माना वर करून बघत असतानाच पुढून आवाज आला: घर्रर्र... धाड!

शटर खाली आलं होतं. मग कुलूप खटकलं.

“अरे, आपण आत आहोत!” तोफखाना वाटेतून धावत सुटला. तिघं शटरपाशी पोचले तेव्हा बाहेरचं बोलणं स्पष्ट ऐकू आलं.

“आत कोणी नाही ना?” आवाज अनोळखी होता.

“छे हो! मी डोकावून पाहिलं ना,” हा छापखान्यातल्या फोरमनकाकांचा आवाज. “तुम्ही निर्धास्त धूर सोडा.”

“बरोबर तीनला सोडतो. वाळवी, कसर, सगळं साफ. उद्या सकाळपर्यंत मात्र कोणी पाऊल टाकायचं नाही. विषारी असतं.”

“काका! आम्ही आत आहोत! काका!”

पण नेमकी त्याच क्षणी जेवणाची सुट्टी संपली आणि पलीकडे छपाईयंत्र सुरू झालं. धडधड, धडधड! तिघांनी मुठी लाल होईपर्यंत शटर बडवलं. त्या धडधडीपुढे त्यांचा आवाज म्हणजे खंडीभर पिठात चिमूटभर मीठ.

शटरच्या तळाशी उजेडाची एक बारीक रेघ होती. चर्रर्र असा आवाज झाला आणि ती रेघ एका टोकाकडून विझत निघाली. कोणीतरी बाहेरून चिकटपट्टी लावत चाललं होतं. रेघ अर्धी झाली, वीतभर उरली, गेली. आता उजेड उरला तो झरोक्यावरच्या पट्ट्यांतून झिरपणारा.

“किती वाजले?” फूटपट्टीने विचारलं.

पावशेरने मनगट डोळ्यांशी नेलं. “दोन वीस.” आणि त्याच्या ओठांचा चंबू थरथरायला लागला. “ताई, आपल्याकडे हवा किती उरली?”

खेळात हा प्रश्न तो रोज विचारायचा. आज त्याने तो खरा विचारला होता.

फूटपट्टीलाही रडावंसं वाटलं. पण धाकट्यासमोर मोठ्याने रडायचं नसतं, निदान पहिलं तरी रडायचं नसतं. तिने त्याचा हात धरला. “सूत्रधार विचारतोय. नियम पहिला काय?”

“आधी... काय दिसतं ते सांगायचं.”

“सांग मग.”

“मला दिसतंय की आपण मेलो!” तोफखाना ओरडला आणि कागदाच्या थप्पीवर चढायला धावला. “थप्पीवरून झरोक्यापर्यंत जाऊ!”

वरचा गठ्ठा डुलला. फूटपट्टीने त्याचा सदरा धरून मागे ओढला. “हात लावू नकोस! एकेक गठ्ठा आपल्याहून जड आहे. अंगावर आला तर धुराची गरजच नाही.”

तो थप्पीपासून दूर सरकला. तेवढ्यात पावशेर नाक ओढत म्हणाला, “चार भिंती दिसतात. एक शटर. एक झरोका. आणि ती सहा पावलं दिसत नाहीत.”

फूटपट्टी त्याच्याकडे बघतच राहिली. सहा पावलं! मोजणी चुकली नसेल तर ती पावलं कुठेतरी असलीच पाहिजेत. बाजूच्या भिंती सरळ, पुढे शटर. मग उरली मागची भिंत. आणि त्या भिंतीपलीकडे काय? गल्लीतलं ते बिनकडीचं दार!

“दार शेजारच्यांचं नाही!” ती किंचाळली. “बाहेरून कडी नाही, कारण ते आतून उघडायचं दार आहे. संकटात पळायचं!”

तिने खिशातली पोलादी पट्टी काढली आणि भिंती ठोकत निघाली. टण. टण. टण. मागच्या भिंतीवर मात्र आवाज आला: धप! तिने नखाने रंग खरवडला. रंगाखाली प्लायवूड होतं आणि कडेने स्क्रू.

“आता डागू?” तोफखान्याने कुजबुजत विचारलं. तोही कुजबुजू शकतो, हे तिला आजच कळलं.

“नाही. आता पिळायचं.”

खालच्या फळीला आठ स्क्रू होते. पट्टीचं टोक खाचेत बसलं, पण रंगाने स्क्रू धरून ठेवले होते. पहिला हलायलाच पाच मिनिटं गेली. दुसऱ्याला तळहात सोलला. मग पट्टी तोफखान्याकडे. पावशेर वेळ सांगत होता: “दोन छत्तीस... दोन एक्केचाळीस...” सात निघाले. आठव्याची खाच झिजलेली, पट्टी नुसती घसरत होती.

“राहू दे तो!” फूटपट्टी म्हणाली. “एकाच खिळ्यावर टांगलेलं चित्र कसं फिरतं?”

तिघांनी फळी धरून बाजूला ओढली. ती करकरत त्या एका स्क्रूवर फिरली आणि कोपऱ्यात माणूस शिरेल एवढी फट पडली.

आत मिट्ट काळोख आणि धूळ. पायाला छापील कागदांचे गठ्ठे लागले. पावशेरने एक कागद फटीपाशी धरला. “कॅलेंडर आहे! पण या बाईला दोन नाकं आहेत!”

“रंग सरकलेत. बिघडलेली छपाई,” तोफखाना म्हणाला. छापखान्यातलं पोर ते, लगेच ओळखलं. “पण इथे कोणी लपवली?”

“नंतर! दार बघ.”

दार होतं. आणि त्यावर गंजून भाकरीसारखा फुगलेला अडसर. तिघांनी जोर लावला, तो तसूभर हलला नाही.

“दोन बावन्न,” पावशेर हुंदका गिळत म्हणाला.

तोफखाना वळला, फटीतून मागे सरपटत गेला आणि परत आला तेव्हा त्याच्या हातात शाईचा जडशीळ डबा होता. त्याने फूटपट्टीकडे पाहिलं.

“गांधीलमाशी नंबर तीन तयार. फासा टाकू?”

“फासा राहू दे!” ती ओरडली. “डाग!”

ठण्ण! गंज उडाला. ठण्ण! अडसर बोटभर सरकला. तिसऱ्या दणक्याला दार उघडलं आणि भसकन ऊन आत आलं.

तिघं गल्लीला वळसा घालून धावले. शटरसमोर मुखवटा घातलेला वाळवीचा औषधवाला यंत्राच्या तोटीवर हात ठेवून उभा होता, नळी शटरच्या भोकात.

“थांबा!” पावशेर बेंबीच्या देठापासून ओरडला. “आम्ही आत आहोत!”

औषधवाल्याचा हात तोटीवरून गळून पडला. फोरमनकाकांनी मागे पाहिलं. धुळीने माखलेली तीन भुतं! त्यांचा चेहरा कोऱ्या कागदासारखा झाला.

कोणीतरी छपाईयंत्र बंद केलं. मावशी धावत आली, तिने तिघांना एकाच मिठीत घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

“मी सूचना लावली होती बाई,” फोरमनकाका पुटपुटले. “मोठ्या अक्षरात. शटरवर.”

“काका,” पावशेरने विचारलं, “शटर वर गुंडाळलं की सूचना कुठे जाते?”

सूचना शटरबरोबर वर गुंडाळली गेली होती, आणि शटर खाली येईतो वाचणारे आत कोंडले गेले होते.

मावशीने मग दोन नाकांची बाई पाहिली. “आणि हे?”

फोरमनकाका मटकन स्टुलावर बसले. “दोन वर्षांपूर्वी माझ्या हातून बिघडली. तुम्ही बोलाल म्हणून फळ्या ठोकून मागे लपवली. हळूहळू बाहेर काढीन म्हटलं... दार मागे आहे, हे मनातूनच गेलं.”

“कागद वाया गेला असता तर फक्त कागद गेला असता,” मावशी म्हणाली. ती ओरडली नाही, म्हणूनच ते जास्त लागलं. “लपवायच्या नादात आज काय जात होतं, बघा.”

“मीही नुसतं विचारलं, स्वतः पाहिलं नाही,” औषधवाला मान खाली घालून म्हणाला.

“आणि मी पंधरा वर्षं या गोदामाची मालकीण,” मावशी म्हणाली, “कधी मोजून पाहिलं नाही.” तिने फूटपट्टीचा सोललेला तळहात हातात घेतला. “आकडा जुळत नव्हता, सगळे हसत होते, तरी तू तो खोडला नाहीस. शाब्बास पोरी!”

“मीच हसत होतो,” तोफखाना म्हणाला. “सहा पावलं उंदरांनी नाही खाल्ली. चूक माझी.”

संध्याकाळपर्यंत फोरमनकाकांनी स्वतः सगळ्या फळ्या उतरवल्या. बिघडलेल्या कॅलेंडरांच्या कोऱ्या पाठी मुलांना मिळाल्या. पुढच्या दहा सुट्ट्यांना पुरतील एवढे नकाशे! पहिल्याच कागदावर फूटपट्टीने कोळीष्टक नव्याने काढलं: बाहेरून बावन्न, आतून बावन्न.

फोरमनकाका बाजूला घुटमळत होते. “मलाही एखादा उपग्रह द्याल का?”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. “देऊ,” फूटपट्टी म्हणाली. “पण नियम पहिला. आधी काय दिसतं ते सांगायचं.”

काका उठले. प्रत्येक थप्पीच्या मागे गेले, वाकून प्रत्येक कोपरा पाहिला आणि मगच परत आले.

“तीन मुलं,” ते म्हणाले, “आणि एक उघडं दार.”

“बरोबर!” तोफखाना ओरडला आणि गांधीलमाशी नंबर दोन त्यांच्या हातात दिली.