पत्र्याच्या झाकणाखाली

१९६३ साली अकोल्याच्या जुन्या शहरात शफीक सरांच्या टायपिंग क्लासात मी नाव घातलं, तेव्हा वाटलं होतं, कळा दाबायच्या, त्यात काय मोठं! पहिल्याच आठवड्यात नाकी नऊ आले. कोणतं अक्षर कुठे, समास कुठून सरकवायचा, घंटी वाजली की रोलर कसा मागे ढकलायचा, काही म्हणता काही सापडेना. त्यातून सरांनी कळांवर पत्र्याचं झाकण बसवलेलं. हात आत घालायचे, खाली पाहायचं नाही.

"पंचफुला, डोये कागदावर ठेव बेटी. बोटाईले आपसूक वाट सापडते."

माझ्या बोटांना सवय बार्शीटाकळीच्या रानात निंदण्याची. आणि बाबांनी तर बजावूनच ठेवलं होतं, "पास झाली त नोकरी कर. नाई त उन्हाळ्यात लगन. मंग मी तुयं आयकनार नाई." मुलगाही बघून ठेवला होता. मला नोकरी हवी होती, जीव तोडून हवी होती.

एका दुपारी चार नंबरच्या मशीनवर माझी करंगळी चुकली. झाकणाखाली कुणीतरी ती उचलली आणि योग्य कळेवर ठेवली.

छप्पन्न साली बौद्ध झालो तेव्हा आम्ही घरातला देव्हारा नदीत सोडला, तिथे भुताला कोण विचारतो! मी झाकण उचललं. आत नुसत्या कळा. परत बसवलं, हात घातले. पुन्हा ती बारीक, कोरडी बोटं. चुकलं की हलकेच थोपटायची, जमलं की सोडून द्यायची.

"सर, आत कोनीतरी हाये."

सरांनी हातातला कागद खाली ठेवला.

"त्रास देते का?"

"नाई. शिकवते."

"मंग शिकून घे," म्हणाले आणि खिडकीकडे वळले.

दोन महिने शिकले. परीक्षा अमरावतीला, मशीन तिथलं, झाकण नाही, सोबतीला कुणी नाही. बोटं आपली आपण धावली. पास झाले. अमरावतीच्याच एका कचेरीतून नेमणुकीचा कागद आला.

रुजू व्हायला निघाले त्या दिवशी पेढे घेऊन क्लासात गेले. चारची एस.टी. होती. चार नंबरच्या झाकणाखाली हात घातले.

"पास झाली मी," हळूच सांगितलं.

मग माझे दोन्ही हात कुणीतरी धरले.

"बेटी, गाडी जाईन," सर दारातून म्हणाले.

मी हात ओढले. सुटेनात.

भीती वाटलीच. पण त्याहून जास्त कीव आली.

"बाई, जाऊ दे मले. मी तुले इसरनार नाई."

एकेक बोट सैल झालं.

हात बाहेर काढले. दोन्ही मनगटांवर हिरवीगार, ओली मेंदी लागली होती.

सरांनी ती पाहिली. तांब्यातलं पाणी माझ्या हातांवर घालताना एवढंच पुटपुटले, "लगनाच्या आदल्या राती गेली. अजून वाळली नाई माह्या पोरीची."