हर्षालीचं आधीचं नाव

दुपारची वेळ होती. दीपाली नुकती डबा उघडून बसली होती. ढोकीत वीरभद्र डॉक्टरांच्या दवाखान्यात पेशंटच्या नोंदी कॉम्प्युटरवर घेण्याचं काम तिचं. डॉक्टरांचा दुसरा दवाखाना फटाक्यांच्या कारखान्यांच्या तेरखेड्याला होता, तो त्यांचे भाऊ बघत. दोन्हीकडच्या नोंदी आता एकत्र झाल्या होत्या. नाव टाकलं की माणसाची सगळी दुखणी समोर.

वीज गेलेली. इन्व्हर्टरवर स्क्रीन तेवढी उजळ, बाकी खोली अंधारी. उसाच्या गळिताचे दिवस, त्यामुळे साखर कारखान्याकडून मळीचा आंबूस वास खिडकीतून आत येऊन बसला होता.

तेवढ्यात रिक्षा थांबली. कस्तुराबाईंनी सुनेला धरून आत आणलं. पायात उसाचं खुटूक घुसलेलं, पाऊल टम्म सुजलेलं, अंगात फणफणता ताप. पोरीचे डोळे मिटत चालले होते.

"नाव काय तुमचं?" दीपालीनं त्या पोरीला विचारलं.

"हर्षाली," कस्तुराबाई म्हणाल्या.

"मावशी, मी त्यांना विचारतेय."

"तिला काय बोलवतंय? म्या हाय की."

दीपालीच्या डोक्यात तिडीक गेली. दुखणं सुनेचं, पण सांगायचं सासूनंच! रोजचंच होतं हे.

"कुठल्या औषधाचा त्रास झालाय का कधी?"

"न्हाय बाई. चांगली धडधाकट बघून केलीया."

हर्षालीच्या नावावर एकच नोंद निघाली, लग्नानंतरच्या खोकल्याची. दीपालीनं 'औषधाचा त्रास नाही' असं टाकलं आणि दोघींना आत पाठवलं. डॉक्टरांनी आतल्या स्क्रीनवर ते वाचलं, जखम पाहिली आणि पेनिसिलिनची बाटली हातात घेतली.

तेव्हाच मळीच्या वासात दुसरा एक वास मिसळला. फटाक्यांच्या दारूचा. कोरडा, नाकात झोंबणारा.

दीपालीनं मान वर केली. समोरच्या बाकावर एक मुलगी बसली होती. दार वाजलं नव्हतं. तोंडाला ओढणी गुंडाळलेली, हात मांडीवर.

"ताई... माझं नाव बघा की."

"नंबर लागल्यावर बघते. बसा."

"आत्ता बघा..." आवाज अगदी हळू, पण कानाशी बोलल्यासारखा. "करिश्मा... तेरखेडा..."

दीपालीनं वैतागून नाव टाकलं. स्क्रीनवर लाल पट्टी आली. 'पेनिसिलिन देऊ नये. टेस्टच्या थेंबानंच श्वास बंद पडला होता.' शेजारी दोन वेण्यांतल्या मुलीचा फोटो. डाव्या भुवईत भाजल्याचा व्रण. अगदी तसाच व्रण दीपालीनं मघाशी पाहिला होता, आत नेलेल्या त्या पोरीच्या भुवईत.

बाकावर कुणी नव्हतं.

"सर, थांबा! सुई लावू नका!"

डबा जमिनीवर सांडला. ती आत धावली तेव्हा डॉक्टरांनी हर्षालीचा हात स्पिरिटनं पुसून सुई नुकती टेकवली होती. ते जागीच थांबले.

"मावशी, करिश्मा कोण?"

कस्तुराबाई गांगरल्या. "हीच की. माहेरचं नाव. लग्नात तांदळात नवं नाव लिवलं, तवापासून जुनं कुणी घेत न्हाय. मलाबी इसर पडला."

"तुम्ही नाव बदललंत मावशी, रक्त नाही बदललं! आत्ता गेली असती ती!"

कस्तुराबाई सुनेच्या पायाशी बसल्या. तिचा धड पाय धरून रडू लागल्या. "लेकरा, वाचलीस गं..." दीपालीनं त्यांना खांद्याला धरून उठवलं.

डॉक्टरांनी दुसरं औषध सुरू केलं, सलाईन लावलं. हळूहळू ताप उतरला, श्वास संथ झाला. दीपाली बाहेर आली. देवळातही बळंच हात जोडणारी ती, रिकाम्या बाकापुढं हात जोडून उभी राहिली.

"तू कुणी का असेनास, तुझे लई उपकार झाले बाई," ती पुटपुटली. "आज माझ्या हातून एक जीव गेला असता."

फटाक्यांच्या दारूचा वास किंचित हलला. आतल्या खोलीच्या दाराकडं गेला.

आत पोरीनं डोळे उघडले होते. पुरती शुद्धीवर आली का हे बघायला डॉक्टरांनी विचारलं, "नाव काय तुमचं?"

"करिश्मा." आवाज खणखणीत.

"हर्षाली म्हण गं, बाय," कस्तुराबाई डोळे पुसत म्हणाल्या.

"मी करिश्मा." ती शांतपणे हसली. "हर्षाली गेली की बाहेर."

सलाईनचे थेंब पडत राहिले. रस्त्यावर रिक्षाचा हॉर्न वाजला आणि रिक्षावाल्या रुद्रेशची हाक आली,

"मावशी, निघायचं का? तुमची सून कवाची येऊन बसलीया. नुसती थरथरतीया... काय झालं इचारलं तर बोलंना. नावबी सांगंना."