लिहिणारा खुर्चीत असताना

आप्पासाहेबांचा संगणक म्हणजे हट्टीपणात दुसरे आप्पासाहेबच. बिबवेवाडीच्या फ्लॅटमध्ये अठरा वर्षं चालू. त्यावर युनिक्स ही संगणकप्रणाली बसवून दिली होती त्यांच्या मुलीनं, हेमानं. संगणक सांभाळणं हाच तिचा पोटापाण्याचा धंदा. रोज सकाळी दहाला ते त्यावर रोजनिशी लिहीत. घरात कोणी काय केलं, सगळं तिरकस शब्दांत. हेमा बॅकअप घेते म्हणाली की म्हणत, "लिहिणारा खुर्चीत असताना रजिस्टरला हात लावायचा नसतो. आमच्या कचेरीचा नियम होता."

ते जाऊन पाच महिने झाले होते, आणि आता डिस्क टकटक करू लागली होती, म्हणजे कधीही बंद पडली असती. रोजनिशीची दुसरी प्रत नव्हती. मशीन बंद केलं तर पुन्हा सुरू होईल याची खात्री नाही, म्हणून चालू डिस्कचाच बॅकअप घ्यायचा होता. आधी प्रत, मग वाचन, असं हेमानं ठरवलं.

बॅकअपनं कुरकुर केली: वाचत असतानाच फाइल बदलली. हेमानं ती प्रत लॅपटॉपवर उतरवून पाहिली. शेवटचं पान फाटक्यासारखं अर्धवट. कुठूनही काही लिहिलं जाऊ नये म्हणून तिनं नेटची वायर काढली, कीबोर्ड काढला; नुसता माउस ठेवला. पुन्हा तेच. फाइल चाळीस ओळींनी वाढलेली.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. "तनयाला साडेबाराला शाळेतून आणायचंय."

"आणते रे. आमोद, आप्पांची फाइल वाढतेय."

"वाढणारच. त्यांनी कधी थोडक्यात आटोपलंय?"

तिला हसू आलं नाही. फाइल कोणी उघडून ठेवलीय ते तिनं पाहिलं. लिहिण्याचा प्रोग्राम चालू होता. आप्पांच्या नावानं, आज सकाळी दहापासून.

हेमाला असंच बसून राहावं असं वाटलं. पण टकटक वाढत होती, आणि हे गेलं तर काहीच उरलं नसतं. तिनं प्रोग्राम रीतसर बंद करून पाहिला. ऐकेना.

"आप्पा, उठा हो आता," ती म्हणाली आणि तो सक्तीनं बंद केला.

मागे खुर्ची करकरली.

बॅकअप विनातक्रार झाला. लगेच डिस्कची टकटक थांबली, फिरण्याची घरघरही.

तिनं प्रतीचं शेवटचं पान उघडलं. तारीख आजची.

'हेमा आली. चहासुद्धा न घेता कामाला लागली. मला उठा म्हणाली. मग हे वाचून घाबरली, रिक्षा शोधली, मिळाली नाही. उशीर झाला म्हणून स्कूटरच काढली. हेल्मेट डिकीत; सांगून उपयोग नाही. तनयाला मागे बसवलं. उतारावर सिग्नल हिरवा होता, तेवढ्यात डावीकडून'

पुढे काही नव्हतं.

बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. हेमानं फोनवर रिक्षा शोधली. जवळपास एकही नव्हती.

तिनं खुर्ची संगणकासमोर नीट लावली. कीबोर्ड पुन्हा जोडला.

"आप्पा, बसा ना परत."

तिनं डिस्कवर हात ठेवला. ती गार होत चालली होती.