वाखाचा स्लॅब

काँक्रीटमध्ये वाख घालण्यात गूढ असं काही नाही. घायपाताचे धागे बोटभर कापायचे, चुन्याच्या पाण्यात उकळायचे, खडखडीत वाळवायचे आणि मग मालात मिसळायचे. भेगा कमी पडतात. प्रयोगशाळेत काँक्रीटचे ठोकळे फोडणं हाच माझा धंदा, त्यामुळे एवढं मी झोपेतही सांगेन.

ताईच्या नव्या खोलीचा स्लॅब भाऊजींनी स्वतः उभं राहून टाकला. भाऊजी म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! वाख त्यांनी हिरवा, ओलाच टाकला.

"उकळत कोण बसणार?"

"आत सडेल तो," मी म्हणाले.

सडला असता तर बरं झालं असतं.

पाणी साठवायला स्लॅबवर वाफे केले होते. संध्याकाळी काठोकाठ भरलेले वाफे सकाळी कोरडे ठणठणीत असत, आणि खाली छताला ओलीचा डागही नसे. शेवटी कंटाळून भाऊजींनी पाणी मारणं थांबवलं आणि त्याच छताच्या कडीला बाळाचा पाळणा टांगला.

उरलेल्या मालाचा एक ठोकळा मी यंत्रात दाबला. तडकला. जेवून येईपर्यंत भेग मिटली होती. शेजारचं पाण्याचं भांडं रिकामं होतं.

"कुणी सांडलं?" मी सगळ्यांवर खेकसले.

टेबल कोरडं होतं. मला भीती वाटली. तडक ताईकडे गेले.

ताई खुशीत होती. "अगं, तुझा भाचा शहाणा झालाय! हल्ली दुपटं भिजवतच नाही."

"दूध पितो ना?"

"पोटभर पितो की."

कडीभोवती छतातून बारीक धागे उतरले होते. पाळण्याच्या दोरीला पीळ घालत ते खाली आले होते.

बाळाला उचललं. फार हलकं लागलं. ओठ फुटले होते. ते रडलं, पण डोळ्यांत टिपूस नव्हता.

त्याला घेऊन दाराकडे वळले, तसं ताईच्या डोक्यावरचं छत करकरलं.

एक पाऊल मागे आले.

करकर थांबली.

बाळ ताईच्या हातात दिलं आणि बादली घेऊन गच्चीवरच्या टाकीकडे धावले. स्लॅबवर ओतलेलं पाणी बघता बघता जिरत होतं. मी ओततच राहिले.

खालून ताईची हाक आली, "दुपटं भिजवलं गं बाई एकदाचं!"

मला रडूच फुटलं. तशीच वळून पुन्हा टाकीत बादली सोडली.

ती तळाला खणकन आपटली.