न बघितलेला अंगठा

मृत्युपत्राचं नाव काढलं की तुम्ही म्हणता, अभद्र बोलू नका. मग तुमच्यामागं बाईमाणूस उघड्यावर पडतं, तेव्हा जाब विचारायला तुम्ही नसता. छान सोय करून ठेवलीय तुम्ही स्वतःची!

ऐका पोरांनो, ही रचलेली गोष्ट नाही. कळंब्याच्या सायकल दुकानवाल्या रशीदनं तिचा शेवट बघितलाय.

साल चौऱ्याहत्तर. कार्तिक अमावस्या, शुक्रवार. कळंब्याचा पिराजी म्हशीसाठी सरकी पेंड आणायला राजारामपुरीत गेला होता. पोतं सायकलला बांधून परत निघाला, तर वाटेत हंबीररावांचं घर. दाराला नवं कुलूप. पायरीवर गाठोडं घेऊन बसलेली बयाबाई.

बयाबाईनं हंबीररावांबरोबर अख्खं आयुष्य काढलं. पण लग्नाची बायको नेसरीला होती, पोरासकट. कायद्याच्या लेखी बयाबाई कुणीच नव्हती. मृत्युपत्राशिवाय तिला त्या घराची वीटसुद्धा मिळणार नव्हती. हंबीररावांना हे ठाऊक होतं. तरी "त्यो कागद केला की यम दार वाजवतोय" म्हणत ते टाळत राहिले. अर्धांगानं वाचा गेली, तेव्हा घाईनं वकील बोलावला. डोकं शाबूत होतं. वकील वाचत गेला, ते प्रत्येक ओळीला मान हलवत गेले. साक्षीला दोन मित्र, आकाराम आणि पिराजी.

अंगठा उठवायची वेळ आली आणि पिराजीनं तोंड भिंतीकडं फिरवलं. मरणाचा कागद होताना बघितला तर आपलंही आयुष्य तुटतं, असं त्याची आई सांगायची.

"झालं न्हवं?" असं विचारून तो वळला आणि खाली सही ठोकली.

हंबीरराव गेले. पोरानं हरकत घेतली. बयाबाईनं प्रोबेटसाठी अर्ज केला, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा शिक्का मागितला. त्यासाठी निदान एका साक्षीदारानं शपथेवर सांगावं लागतं, की अंगठा लावताना मी बघितलं, नाहीतर लावणाऱ्यानं मला तसं सांगितलं. सांगायला हंबीररावांना वाचाच नव्हती. आकाराम तोवर वारला होता. उरला पिराजी.

"अंगठा लावताना बघितलंत?" पोराच्या वकिलानं विचारलं.

"न्हाय की. मी भिंतीकडं तोंड केलतं."

त्या शुक्रवारी निकाल लागला. मृत्युपत्राची रद्दी झाली. संध्याकाळी घराला कुलूप पडलं.

"भावजी," बयाबाई पायरीवरून म्हणाली, "निस्ती मान वळवून बघितलं असतंसा तर... आता रात्रीचं कुठं जाऊ, तेवढं तरी सांगा."

पिराजीनं तोंड दुसरीकडं फिरवलं. पायडल मारलं.

कळंब्याच्या रस्त्याला लागेपर्यंत साडेनऊ झाले. माणूस नाही, कुत्रं नाही. तळ्याजवळ सायकल जड झाली. पोत्यावर कुणीतरी बसावं तशी.

तो उतरला. मागं कुणी नव्हतं.

"अं... अं..."

हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. वाचा गेल्यावर हंबीरराव पाणी मागायचे, तो आवाज.

"हंबीरराव...?"

शाईचा वास आला. ओल्या शाईचा.

पिराजीनं तोंड तळ्याकडं फिरवलं. समोर एक अंगठा होता. नुसता अंगठा. जांभळा, ओला. त्यानं रस्त्याकडं तोंड केलं. तिथंही तोच. आभाळाकडं केलं... तिथंही.

त्यानं डोळे मिटले. घट्ट.

मग डाव्या पापणीवर काहीतरी गार टेकलं. दाबलं. सावकाश फिरवलं, वकील कागदावर फिरवून घेतो तसं.

मग उजव्या.

पहाटे रशीदला तो बांधावर सापडला. पेंड सांडलेली. दोन्ही पापण्यांवर जांभळा ठसा, रेघ न् रेघ मोजता यावी असा. बायकोनं, झुंबरबाईनं, साबण लावला, रॉकेल लावलं. ठसा फिकासुद्धा झाला नाही. पापण्या उघडल्या नाहीत, त्या कायमच्याच. डोळ्यांना तर काही झालेलं नाही, डॉक्टर म्हणाला.

पण हे पुढचं. त्या पहाटे बांधावरच पिराजीनं रशीदचा हात धरला होता. "रशीद, मला कोर्टात न्हे बाबा. बघितलाय मी त्येचा अंगठा. शपथंवर सांगतो. अजून दिसतोय. डोळं मिटलं तरी त्योच दिसतोय!"

रशीद सांडलेली पेंड पोत्यात भरत होता. त्यानं मान वर केली नाही.

"तारीख काल हुती की, अण्णा."