ओहोटीच्या बेटावरचा डबा

ही गोष्ट खरी आहे. ज्यांच्या बाबतीत घडली ते रविकांतकाका चिपळूणला आमच्या समोरच राहतात. त्यांच्या मुलीला यातलं काही आजही ठाऊक नाही, म्हणून सगळ्यांची नावं बदलली आहेत.

काका वीज मंडळात तीस वर्षं वायरमन होते. भर वादळात खांबावर चढणारा माणूस. भुताखेतांचा विषय निघाला की त्यांना आधी हसू यायचं.

आता येत नाही.

दिवस गेल्या जूनमधला, शनिवार. ठिकाण आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं एक बेट, काकांची मुलगी राहते त्या कासलबार गावापासून गाडीने सव्वा तासावर.

काका मुलीकडे तीन महिन्यांसाठी गेले होते. त्यांची बायको, शोभनाकाकू, आदल्या वर्षी वारल्या. ‘एकटे काय करताय तिथे, या इकडे’ म्हणून विभावरीने, म्हणजे विभाने, हट्टाने तिकीट काढलं. पण तिथेही एकटेपण काही चुकलं नाही. विभा आणि जावई सलील दोघंही मेडिकल उपकरणांच्या कारखान्यात इंजिनीअर, नात निधी शाळेत. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा काकांना सोबत होती ती फ्रिजच्या घरघरीची. निधी सात वर्षांची. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर मात्र इंग्रजीत, तेही असे हेल काढून की काकांच्या डोक्यावरून जायचं.

आणि जेवण. काका दीड पोळी खायचे आणि ‘बस्स’ म्हणून ताटावरून उठायचे. विभाला वाटे, जावयाच्या घरी संकोच करतात. तसं नव्हतं. काकूंना जाऊन वर्ष झालं तरी बापलेक त्यांच्याबद्दल एक शब्द बोलले नव्हते. विषय जवळ आला की काका टीव्हीचा रिमोट शोधायला लागायचे. लेकीशी बोलायला हवं, हे त्यांना कळत होतं. जमत नव्हतं.

सलीलला नाद होता ओसाड किनारे शोधण्याचा. लोक गर्दीच्या ठिकाणी गाडी लावायला जागा शोधतात. या गृहस्थाचा चेहरा तिथे दुसरी गाडी दिसली की पडायचा. मोबाईलमध्ये यादीच होती त्याच्याकडे. त्या शनिवारी त्यातलं हे बेट निघालं.

“बाबा, भारी जागा आहे. ओहोटी लागली की वाळूवरून चालत जायचं. पाच वाजेपर्यंत परत फिरायचं, नाहीतर अडकलो,” सलील म्हणाला.

“तिथे राहतं कोण, सलीलराव?”

“कुणीच नाही. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच गाव उठलं. नुसत्या भिंती आहेत.”

वाळूत ठरावीक अंतरावर खांब रोवलेले होते. त्यांच्या कडेने अर्धा किलोमीटर चालून चौघं पलीकडे पोचले. पांढरी वाळू, हिरवं गवत, त्यात चरणाऱ्या मेंढ्या, वर बिनछपराची दहा-बारा दगडी घरं. माणूस नाही. वारा मात्र असा, की उघडलेल्या वेफर्सच्या पुड्यात पहिल्यांदा वाळूच शिरली.

काका म्हणाले, “तुम्ही बसा. मी भिंतीच्या आडोशाला जाऊन डबा खातो.”

विभाने त्यांच्यासाठी दोन पोळ्या आणि बटाट्याची भाजी दिली होती. काका चढण चढून एका घरात शिरले. आत गवत वाढलेलं. चुलीची काळी पडलेली जागा अजून तशीच. ते भिंतीला टेकून बसले आणि डबा उघडला.

आत वारा नव्हता. इतका नव्हता की...

समुद्रही ऐकू येईना.

मग गवतातून पावलं वाजली. सावकाश. भिंतीच्या बाहेरून कुणीतरी चाललं होतं. दाराच्या मोकळ्या चौकटीवरून एक सावली सरकली. कुणी मेंढ्यांचा मालक असेल, असं काकांना वाटलं. आपण जेवत असताना दारावरून माणूस गेला की आपल्या तोंडून जे आपोआप निघतं, तेच त्यांच्याही तोंडून निघालं.

“या जेवायला!”

पावलं... थांबली.

काकांनी मान वाकडी करून पाहिलं. बाहेर कुणी नव्हतं. ते स्वतःशीच हसले. ‘आयर्लंडच्या मेंढीला काय मराठी कळणार!’ एक पोळी खाल्ली आणि उन्हात त्यांचा डोळा लागला.

जाग आली ती थंडीने.

शेजारी डबा उघडा होता. आत एक पोळी आणि निम्मी भाजी उरायला हवी होती. डबा रिकामा होता... आणि कडेपर्यंत चाटूनपुसून लख्ख केलेला. तेलाचा ओघळसुद्धा नव्हता.

घड्याळात पावणेसहा.

काका धडपडत बाहेर आले. किनाऱ्यावर कुणी नव्हतं. मघाचे खांब पाण्यात उभे होते. आणि पलीकडच्या काठावर सलीलची पांढरी गाडी होती.

गाडीजवळ सलील. विभा. उड्या मारणारी निधी.

आणि... चौथं कुणीतरी.

मरून स्वेटर, डोक्याला माकडटोपी. त्याने निधीसाठी मागचं दार उघडलं. पाठीला हात लावून तिला आत बसवलं.

काकांनी आपल्या अंगाकडे पाहिलं. मरून स्वेटर त्यांच्याच अंगात होता. माकडटोपी त्यांच्याच डोक्यावर होती.

ते जिवाच्या आकांताने ओरडले. दोन्ही हात हलवले. त्या चौथ्याने वळून बेटाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तो गाडीत बसला आणि गाडी निघून गेली.

काका पाण्यात उतरले. मांडीपर्यंत गेले नाहीत तोच ओढीने पाय सुटायला लागले, तसे मागे फिरले. वाळूत बसून राहिले. भीतीपेक्षाही आधी त्यांना वाईट वाटलं. आपल्याला विसरून गेले असते, तर मध्येच आठवण झाली असती, परत आले असते. पण गाडीत चौघं होती. कुणाची आठवण येणार होती त्यांना?

फोनला टेकडीच्या माथ्यावर जेमतेम एक कांडी रेंज मिळाली. तोवर साडेसात झाले होते. तिकडे जूनमध्ये दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे लख्ख ऊन होतं. बॅटरी चार टक्के.

“हॅलो?” विभाचा आवाज.

“विभा, अगं मी बोलतोय. बेटावर राहिलोय. घ्यायला ये.”

ती दबक्या आवाजात म्हणाली, “कोण बोलतंय?”

“अगं बाबा! तुझा बाप!”

“बाबा तर... इथे समोर जेवतायत.”

मागून सलीलचा आवाज आला, “विभा, कट कर. बाबांचा फोन बेटावर पडला ना, कुणालातरी सापडलाय. हल्ली एआयने कुणाचाही आवाज काढतात. पैसे मागेल आता.”

“सलीलराव, अहो मी खरंच...”

“एक्सक्यूज मी, हू इज धिस?” फोन आता सलीलच्या हातात होता.

आणि तेवढ्यात, त्यांच्याही मागून, भांड्यांच्या आवाजातून, काकांना आणखी एक आवाज ऐकू आला. तोच चिपळूणचा हेल. तोच खाकरून बोलायला सुरुवात करण्याचा ढंग.

त्यांचा स्वतःचा आवाज.

“कोण गं, विभा? कुणी उपाशी असेल तर म्हणावं... या जेवायला.”

फोन कट झाला.

काकांनी पुन्हा लावला. लागला नाही. त्यांचा नंबर ब्लॉक केला होता. तिसऱ्यांदा लावताना फोनच बंद पडला. जन्म दिलेल्या पोरीने आपला आवाज ऐकून घेतला आणि ‘कोण बोलतंय’ विचारलं. काका सांगतात, त्या क्षणी त्यांना रडू फुटलं. बायकोच्या तेराव्यालाही ते रडले नव्हते.

ऊन उतरायला लागलं. मेंढ्या कधीच बेटाच्या दुसऱ्या टोकाला निघून गेल्या होत्या. एकही पक्षी ओरडत नव्हता.

आणि मग त्या बिनछपराच्या घरांतून आवाज यायला लागला...

ताट खरवडल्याचा.

आधी एका घरातून. मग शेजारच्या. मग सगळ्याच. तळाला काही उरलेलं नसताना माणूस बोटांनी निपटतो, तसा.

काका पाण्याच्या कडेला जाऊन बसले. घरांकडे पाठ केली नाही. पुढची रात्र कशी गेली, ते सांगत नाहीत. विचारलं तर विषय बदलतात.

पहाटे पाचला पुन्हा ओहोटी होती. उजाडलं होतं. खांबांच्या कडेने एक ट्रॅक्टर आला. टोमास नावाचा म्हातारा, मेंढ्या त्याच्याच. काकांना पाहून तो दचकला नाही. काही विचारायच्या आधी त्याने कोटाच्या खिशातून पावाचा तुकडा काढला आणि त्यांच्या हातात कोंबला.

“ईट,” तो म्हणाला. “फर्स्ट ईट.”

काकांनी तो तुकडा संपवेपर्यंत तो तसाच उभा राहिला. मग विचारलं, “तुम्ही वर त्या घरात जेवलात?”

“येस.”

“एकटेच?”

काकांनी मान हलवली. नाही.

टोमासने टोपी काढली आणि पुन्हा घातली. “आम्ही इथे येताना खिशात पाव ठेवतो. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या मोठ्या दुष्काळात या घरांतली माणसं उपाशी मेली, असं माझी आजी सांगायची. पण वर बसून खात मात्र कुणी नाही,” एवढंच तो सावकाश इंग्रजीत म्हणाला. नंतर आपल्या जीपमधून त्याने काकांना कासलबारला आणून सोडलं. उतरताना फक्त म्हणाला, “यू आर ग्रँड नाऊ.” म्हणजे, आता ठीक आहात. पण म्हणताना त्याने काकांकडे पाहिलं नाही.

काकांनी घराचं दार वाजवलं. दार उघडेल तो कोण असेल?

विभाने उघडलं.

“बाबा! इतक्या लवकर फिरायला? आणि हे काय, पँट ओली?”

काका तिला ढकलूनच आत शिरले. त्यांच्या खोलीत पाहिलं. अंथरुणाची घडी मोडलेली नव्हती. खोलीत कुणी नव्हतं. स्वयंपाकघरात मात्र सिंकमध्ये भांड्यांचा ढीग. कुकर, कढई, वाट्या... सगळं चाटूनपुसून लख्ख.

“विभा, ऐक. काल मी इथे...”

पण तिने त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. ती येऊन त्यांच्या गळ्यात पडली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा.

“किती जेवलात काल! तीनदा कुकर लावला मी. कपाटातला सगळा तांदूळ संपला, पण मला इतकं बरं वाटत होतं. आणि बाबा... आईबद्दल बोललात ते. वर्षभर मनात ठेवून बसलात? मला का नाही सांगितलंत?”

“काय... काय सांगितलं मी?”

“तिने शेवटच्या पहाटे दहीभात मागितला ते. डॉक्टरांनी तोंडाने काही द्यायचं नाही म्हणून सांगितलं होतं, बाबा. तुमची काही चूक नव्हती. तुम्ही अजिबात मनाला लावून घ्यायचं नाही.” ती रडत होती आणि हसतही होती. “म्हणून जेवण जात नव्हतं ना तुम्हाला? मला वाटायचं, माझ्या हातचं आवडत नाही.”

रत्नागिरीच्या हॉस्पिटलमधल्या त्या पहाटेचा विषय काकांनी जिवंत माणसाजवळ कधी काढला नव्हता. खोलीत ते दोघंच होते. नर्ससुद्धा नव्हती.

लेकीचा चेहरा वर्षभरात पहिल्यांदा असा मोकळा दिसत होता. तिला आता काय सांगायचं? की हे बोलला तो मी नव्हतो?

“हो,” काका म्हणाले. “बोललो खरा.”

त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. विभाने डोळे पुसले.

“तीनदा मागितला म्हणालात. बिचारी आई. तीनदा.”

काकांचा हात तिच्या केसांवरच थांबला.

कारण शोभनाकाकूंनी दहीभात दोनदा मागितला होता. दुसऱ्यांदा नाही म्हटल्यावर काकांना तिथे बसवेना, म्हणून ते उठून बाहेर व्हरांड्यात गेले. वीस मिनिटांनी परत आले, तेव्हा सगळं संपलं होतं.

मधल्या त्या वीस मिनिटांत खोलीत काकूंशिवाय कुणीच नव्हतं.